आजोबांनी न केलेला पाळणा

१० फेब्रुवारी

व्याह्यांकडून निरोप आला. तुमच्या लेकीचे, नफोसतचे दिवस भरत आलेत, तेव्हा पाळणा पाठवायची तयारी ठेवा. इथवर ठीक. पाळणा आईच्या माहेरूनच जातो, आणि कोकंदमध्ये तो बहुतेक माझ्याच दुकानातून जातो. अर्ध्या शहराला मी झोपवलंय, असं मी लग्नाकार्यात म्हणत असतो. लोक म्हणतात, "उस्ता तोजिबोय, तुम्ही बोलायला लागलात की उरलेलं अर्धंही झोपतं."

पण निरोपाला शेपूट होतं. "पाळणा आणा, पण नवा नको. ज्यात पाच-सात पोरं धडधाकट वाढलीत, असा जुना आणा." हे शेपूट व्याह्यांच्या आईचं, ओयनिसो बुवीचं.

राग आला, पण बोलता येईना. मागच्या खेपेला मी नवा कोरा पाळणा पाठवला होता, लाल-सोनेरी, आयुष्यातलं सगळं कसब ओतून. बाळ चिल्ल्याचे चाळीस दिवससुद्धा पुरे करू शकलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मतः छिद्र होतं. बुवी काहीच म्हणाली नाही, फक्त पाळणा परत पाठवला. मी तो फोडून तंदुरात घातला आणि त्या दिवशीची रोटी घरात कोणी खाल्ली नाही.

१३ फेब्रुवारी

अडचण अशी, की पाळणा तयार आहे. नवा. दुकानाच्या मागच्या खोलीत गोधडीखाली.

गेल्या उन्हाळ्यात खरबूज खाताना मला एकदम सुचलं. बायकोने, इनोयतने फोड कापून ताटात ठेवली, बोटाने टोकाला टिचकी मारली, फोड डुलायला लागली. ती म्हणाली, "बघा, आपोआप डुलते. तुमचे पाळणे कसले कुरकुरतात." तिची बडबड चालूच होती, पण माझ्या डोक्यात वीज चमकली. अख्खा पाळणाच खरबुजाच्या फोडीसारखा! खालच्या धावा, दोन्ही टोकांच्या चौकटी, वरचा दांडा, सगळं एकाच वळणात. खुंट्या नाहीत, लट्टू नाहीत, भडक फुलं नाहीत. नुसती तुतीच्या लाकडाची उभी रेघ अन् रेघ. माझ्या बापाने शिकवलेलेच पाळणे मी जन्मभर करत आलो. हा पहिला, जो कोणी शिकवला नाही.

आता हा ठेवून शेजारच्या सोतीबोल्दीकडचा जुना पाळणा मागून आणू? त्यात नऊ पोरं वाढली हे खरं, पण नऊही पोरांचा वास त्यात अजून आहे.

१६ फेब्रुवारी

उपाय सापडला. पाळणा बदलायचा नाही, त्याचं वय बदलायचं.

अक्रोडाच्या सालीचं पाणी उकळलं, त्यात काळ्या चहाचा चोथा. दोन हात दिले. कडा वाळूने घासल्या, जिथे आयांचे हात लागले असते तिथे मेंढीच्या चरबीने चकाकी आणली. इनोयत दारात उभी राहून बघत होती.

"लोक तरुण दिसायला रंग लावतात," ती म्हणाली. "तुम्ही बिचाऱ्याला म्हातारा करताय."

"गप्प बस. विचारलंच तर सांगायचं, घरातला जुना आहे, तीन पोरं वाढलीत."

"कोणाची?"

"ते नंतर ठरवू."

२७ फेब्रुवारी

नातू झाला! नाव तुर्सुन ठेवलं. आधीचं गेलं की पुढच्याचं हेच ठेवतात. तुर्सुन म्हणजे राहू दे, टिकू दे. बुवीनेच कानात सांगितलं म्हणे. काचेतून पाहिला, माझ्यावर गेलाय. इनोयत म्हणते, नशीब नाक माझ्यावर गेलंय.

समारंभ चिल्ला सरल्यावर. बुवीचा हट्ट.

१२ एप्रिल

झाला समारंभ. लिहितोय खरा, पण हात आखडतोय.

पाळणा गाडीच्या टपावर, मागे इनोयतची मंडळी डफ वाजवत, पुढे कर्णे. व्याही हामिदुल्ला दारात उभे, पोटावर हात, छातीवर हात. बायका आत बाळाजवळ, आम्ही पुरुष अंगणात पुलावाजवळ. आत पाळणा नेण्याआधी ओयनिसो बुवी काठी टेकत अंगणात आली. पाळण्याभोवती एक फेरी मारली. वाकली, वास घेतला.

"हा असला आकार मी कधी पाहिला नाही," बुवी म्हणाली. "कुणाचा आहे?"

मी तोंड उघडणार तोच गाणाऱ्याने माझ्या हातात माइक दिला. माणसाच्या हातात माइक देऊ नये. विशेषतः माझ्या.

"घरचा आहे, बुवी," मी म्हणालो, "जुना आहे. तीन पोरं वाढलीत यात."

"तीनच?" कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे तीन आमच्या घरातली. चुलत धरून पाच." बुवी अजून बघतच होती. खिडकीचा पडदा हलला, आत नफोसत बाळाला छातीशी धरून उभी होती. मी म्हणालो, "सात! सात पोरं वाढली यात, आणि सातांतलं एकही साधं खोकलंसुद्धा नाही! हा माझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने केलाय. सत्तर वर्षांपूर्वी! आमच्या घराण्याचं गुपित आहे, आजवर उंबऱ्याबाहेर काढला नव्हता. आज माझ्या तुर्सुनसाठी काढला!"

टाळ्या, कर्णे. एकाने तर डोळे पुसले. निदान पन्नास फोन माझ्या तोंडासमोर होते.

माझे आजोबा गाढवांना नाल ठोकायचे. पाळण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की कधीतरी त्यात झोपले असतील.

बुवीने मान हलवली. मग आत नेहमीचा खेळ झाला. बाळाचं डोकं पायाकडे ठेवून तिने विचारलं, "असं?" बायका ओरडल्या, "नाही!" पुन्हा उलटं. "असं?" "नाही!" मग सरळ ठेवलं, पट्ट्यांनी बांधलं, वरून सात कापडं, त्यावर बेदाणे आणि साखरेचे खडे. पोरगं पहिल्या डुलण्याला झोपलं.

२९ एप्रिल

उचलली जीभ टाळ्याला लावल्याचं फळ गोड निघालं! समारंभाचे फोटो गावभर फिरताहेत, तसलाच पाळणा पाहिजे म्हणून रोज कोणीतरी येतं. पुतण्या म्हणाला, "काका, आकार नोंदवून घ्या. नाहीतर उद्या सगळे करतील." म्हणून आज फर्गानाला दिलोरोमखोनकडे गेलो. ती हेच काम करते, वस्तूंचे आकार लोकांच्या नावावर करून देते. वय माझ्या मुलीएवढं, नजर माझ्या सासूएवढी.

मी तिला पाऊण तास समजावलं, की बाळाची शू खाली नेणारी नळी तळाला कशी बसवलीय, तिच्याखालचं भांडं कसं गळत नाही, मुलाची नळी वेगळी, मुलीची वेगळी. तिने शांतपणे ऐकलं.

"उस्ता, ते मला नको. तो कसा चालतो त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही. तो दिसतो कसा, तेवढंच आपण नोंदवतो."

"म्हणजे न गळणं महत्त्वाचं नाही?"

"आईसाठी आहे. माझ्यासाठी नाही. मला फक्त सांगा, हा आकार नवा आहे?"

"कोरा करकरीत!"

"आधी कुठे लोकांना दाखवला?"

"घरगुती समारंभात. याच महिन्यात."

"ज्याने आकार काढला त्याने स्वतः दाखवला असेल, आणि ठरलेल्या मुदतीत अर्ज केला, तर चालतं. दुसऱ्या कोणाचा आधीपासूनचा असेल, तर मात्र सगळं संपलं."

आजोबांबद्दल तिने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मी प्रामाणिक माणूस आहे. विचाराल तेवढंच खरं बोलतो.

११ मे

पाळण्याचे फोटो काढले. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून. माझ्या लग्नातही माझे इतके फोटो निघाले नव्हते. या खेपेला नवा केला, अक्रोडाशिवाय. तुतीचं सोनं बघून फोटोवालाही हरखला.

अर्जात एक रकाना होता, आकार कोणी काढला. मी माझं नाव लिहिलं. इनोयत खांद्यावरून वाचत होती.

"लिहा, लिहा," ती म्हणाली आणि खरबूज कापायला गेली. मे महिन्यात खरबूज कुठून आणलं देव जाणे, काकडीसारखं लागत होतं.

२ जुलै

लाकूड बघायला अंदिजानच्या बाजारात गेलो होतो. पाळण्यांच्या रांगेत माझा पाळणा! एक नाही, भिंतीला टेकून रांगच. प्लायवूडचे, वर तपकिरी कागद चिकटवलेला, पण वळण तेच. विकणारा पोरगा मलाच सांगायला लागला.

"घ्या, काका. प्राचीन आकार आहे. कोकंदच्या एका थोर कारागिराने सत्तर वर्षांपूर्वी काढला."

"नाव काय त्याचं?"

"ते थोर होते, काका. थोरांना कुठलं नाव?"

हे सगळं एर्गाश नावाच्या फर्निचरवाल्याचं. किंमत माझ्या निम्मी. दिलोरोमला फोन केला. ती म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा व्हायच्या आत नोटीस पाठवते. नोंदणी आपल्या हातात आली की त्याला हे सगळं बंद करावं लागेल."

बसमध्ये शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर एर्गाशचा पाळणा. सुनेला दिवस गेलेत म्हणाली. तिला सांगावं वाटलं, बाई, तो दोन महिन्यांत उकलेल. तिचा चेहरा बघून गप्प बसलो.

५ सप्टेंबर

दिलोरोमचा फोन. आवाज इतका थंड, की फोन गार लागला.

"उस्ता, तुमचे आजोबा काय करायचे?"

"नालबंद होते. गाढवांचे."

"मग तुम्ही माइकवर त्यांना सुतार का केलंत?"

एर्गाशने आमच्या नोंदणीला हरकत घेतलीय. पुरावा म्हणून समारंभाचा व्हिडिओ जोडलाय. त्यात मी, मिशीला पुलावाची चरबी, छाती पुढे काढून सांगतोय, हा आकार आजोबांचा, सत्तर वर्षांचा. सात पोरांसकट. म्हणजे नवा नाहीच. म्हणजे माझा नाही. म्हणजे कोणीही करावा.

"मला का सांगितलं नाहीत?" दिलोरोम म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

मग ती म्हणाली, "उपाय सोपा आहे. सुनावणीत एकच वाक्य बोला. ते समारंभातलं बोलणं होतं, खरं नव्हतं. आजोबांचा धंदा दाखवायला दोन म्हातारे साक्षीला आणा. एवढंच."

एवढंच! पोरीला वाटतं, खोटं बोलायला जीभ लागते आणि खरं बोलायलाही तीच. पण ते खरं बुवीच्या कानावर गेलं तर? नव्या पाळण्यात पोर घातलं, तेही फसवून!

९ सप्टेंबर

मी म्हणतो, जाऊ दे बुवीच्या कानावर. आरडाओरडा करील, पाळणा परत पाठवील, मी सोतीबोल्दीचा वासाचा पाळणा नेऊन देईन. आयुष्यात एकदा काहीतरी स्वतःचं केलं. ते एर्गाशच्या प्लायवूडला आंदण देऊ?

इनोयतला हे सांगितलं. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "बुवीचं काय घेऊन बसलात! बुवी पाव बुडवून चहा पिईल आणि विसरेल. नफोसतचं काय?"

"तिचं काय?"

"तुम्हाला काहीच दिसत नाही का हो? पहिले चाळीस दिवस ती पोरगी झोपली नाही. रात्रभर बाळाच्या छातीवर हात ठेवून बसायची, श्वास चालू आहे का बघत. समारंभ झाला, त्यात घातलं, त्या रात्री पहिल्यांदा झोपली. जावई स्वतः सांगत होता. सात पोरं वाढली ना त्यात."

मी दुकानात जाऊन उगाच एक दांडा तासला. तासून तासून काडी झाली.

२१ सप्टेंबर

व्याह्यांकडे जाऊन आलो, डोळ्यांनी बघायला. तुर्सुन पाळण्यात पोटभर झोपलेला. नफोसत शेजारी गादीवर आडवी, तीही झोपलेली, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. एक हात पाळण्यावर होता, पण नुसता टाकलेला, धरलेला नव्हता. मी दारातूनच परतलो. व्याह्यांना वाटलं, माझं पोट बिघडलंय. अर्क पाजला.

२ नोव्हेंबर

घरचं झालं थोडं, आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते असं. हामिदुल्ला सुनावणीला येणार! गावात बातमी फुटली, की कोणी अंदिजानवाला माझ्या आजोबांचा पाळणा चोरतोय.

"व्याह्याच्या पाठीशी व्याही नाही उभा राहायचा तर कोणी?" ते म्हणाले. "माझ्या गाडीतून जाऊ. आई म्हणाली, रोट्या बांधून देते."

"त्रास कशाला, व्याहीबुवा! कंटाळवाणं काम असतं."

"तुमच्या आजोबांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, उस्ता. त्रास कसला!"

म्हणजे मी कचेरीत जे बोलेन, ते संध्याकाळच्या चहाला नफोसतच्या चटईवर असेल. हामिदुल्लाच्या पोटात पुलाव राहतो, गोष्ट राहत नाही.

५ नोव्हेंबर, ताश्कंद

घाट चढताना व्याही सारखे आजोबांबद्दल विचारत होते. उंच होते का? कोणती हत्यारं वापरायचे? मी म्हणालो, हातोडी. निदान ते तरी खरं होतं.

रात्री झोप नाही. एका कुशीवर म्हणतो, खरं सांगून टाकू, वर्षभरात पोरगी विसरेल. दुसऱ्या कुशीवर तिचा तो उघड्या तोंडाचा चेहरा येतो. मला भीती वाटतेय. पाळणा एर्गाशने नेला तरी, आणि नाही नेला तरी. एवढ्या वयात माणसाने ठरवायला शिकायला हवं होतं.

६ नोव्हेंबर

झालं.

खोलीत लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई चष्म्याच्या. एका बाजूला एर्गाश आणि त्याचा वकील. बाकी दिसायला एर्गाश सज्जन निघाला, मला सलामही केला. मागच्या बाकावर हामिदुल्ला, नवी टोपी घालून, मांडीवर रोट्यांचं गाठोडं. दिलोरोमने माझे दोन म्हातारे साक्षीदार दाराबाहेर बसवून ठेवले होते. दोघेही लहानपणी आजोबांनी नाल ठोकलेल्या गाढवांवर बसलेले.

व्हिडिओ लावला. भिंतीएवढा मी. मी स्वतःला इतकं मोठं कधी बघितलं नव्हतं, आणि इतकं मूर्खही. "सात!" भिंतीवरचा मी ओरडला. एर्गाशच्या वकिलाने तिथे थांबवलं. माझं तोंड उघडंच राहिलं, भिंतीवरचंही आणि खालचंही.

चष्म्याच्या बाईंनी विचारलं, "उस्ता, हे तुम्हीच ना?"

"दुर्दैवाने मीच."

"इथे तुम्ही म्हणताय, हा आकार आजोबांचा आहे. अर्जात म्हणता, तुमचा. कुठलं खरं धरू?"

दिलोरोमने टेबलाखालून माझ्या बुटावर बूट दाबला. एकच वाक्य. जिभेवर तयार होतं. मागे बाक करकरला. हामिदुल्ला ऐकायला पुढे झुकले होते.

"व्हिडिओतलं खरं," मी म्हणालो. "आजोबांनीच केला."

"मग आकार नवा आहे हा दावा?"

"नाही नवा. जुना आहे. सात पोरं वाढलीत त्यात."

माझ्या बुटावरचा बूट निघाला. दिलोरोमने कागद गोळा केले, एकेक, कडा जुळवत. बाहेर आल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं हे काम करतेय. समोरच्याच्या बाजूने साक्ष देणारा अर्जदार आजच बघितला." मी म्हणालो, माफ कर पोरी. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "उस्ता, तुमच्या घरी काही आहे का, जे मी विचारायला हवं होतं?" मी म्हणालो, नाही. म्हाताऱ्या साक्षीदारांना जेवू घालून परत पाठवलं. ते सारखे विचारत होते, आता गाढवांचं कधी सांगायचं?

परतताना व्याही खुशीत. "हरलात, उस्ता, पण आजोबांना हरवलं नाहीत! शाब्बास!" त्यांनी घाटात गाडी थांबवून मला दोन किलो वाळवलेलं दही घेऊन दिलं. मी ते सगळं वाटेत खाल्लं. रडू येत होतं, आणि तोंडात काहीतरी असलं की रडता येत नाही.

१८ नोव्हेंबर

एर्गाशचे पाळणे आता कोकंदच्या बाजारातही आलेत. माझ्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे. दुकानदाराने पाटी लावलीय, "आजोबांचा पाळणा". कोणाच्या आजोबांचा ते लिहिलेलं नाही. एक गिऱ्हाईक माझ्याकडे आलं आणि म्हणालं, तुम्हाला तो समोरच्यासारखा जमेल का? मी म्हणालो, प्रयत्न करतो.

आतल्या आत मात्र मी हुतात्मा आहे. चालतानासुद्धा हुतात्म्यासारखा चालतो. इनोयत म्हणाली, "कंबर धरलीय का?"

१४ डिसेंबर

नफोसत आली, तुर्सुनला घेऊन, माहेरी राहायला. पोरगं आता रांगतं, दुकानभर भुसा उडवतं. दुपारी त्याला झोपवून ती माझ्यासमोर दस्तरखानाच्या कापडापाशी येऊन बसली. इनोयत चहा ओतत होती.

"दादा, केस का हरलात?"

"कायद्याच्या भानगडी असतात, बेटा. तुला नाही कळायच्या."

"सासरे सगळ्यांना सांगत फिरतात, तुम्ही भर कचेरीत म्हणालात, पाळणा पणजोबांचा आहे."

"आहेच मुळी."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं दिलोरोमने बघितलं होतं. "दादा, मी या भुशात वाढले. तुतीचं लाकूड जुनं की नवं, हे मला वासावरून कळतं. अक्रोडाचं पाणी मारलेलंही कळतं. पहिल्याच रात्री कळलं."

माझ्या हातातली रोटी हातातच राहिली. इतक्या वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं, की पाळणे करणाऱ्याची पोरगी आहे ती.

"मग झोपलीस कशी?" मी विचारलं. "तुझी आई म्हणाली, तू त्या रात्री झोपलीस."

"त्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. तुम्ही तीनचे पाच केलेत, पाचाचे सात केलेत. माइक धरलेला हात थरथरत होता तुमचा. तोवर मला वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय, बाकी सगळे समारंभ करताहेत. तुम्हाला बघितलं आणि वाटलं, नाही, दादा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेत. मग बरं वाटलं. मग झोप आली."

मी इनोयतकडे बघितलं. ती पियाल्यात बघत होती.

"म्हणजे मी उगाच हरलो?"

"अगदी उगाच," नफोसत म्हणाली आणि हसली, पण डोळे भरलेले होते. "मला विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, खरं सांगा. सासूबाईंना, बुवीला, सगळ्यांना. आता ऐका. पुढच्या वेळी नवाच करा. उघड उघड नवा, सोनेरी तुतीचा, अक्रोड-बिक्रोड काही नको. आणि आधी कागद, मग माइक."

मला हुरूप आला. मी म्हणालो, नवा आकार म्हणजे सोपं काम नाही, सहा बाजूंनी फोटो लागतात, दिलोरोम आता मला दारात उभं करेल का तेही विचारावं लागेल, शिवाय फोडीचा झाला, आता दुसरं काय? डाळिंब? डाळिंबात पोर लोळेल. मी कोळशाच्या तुकड्याने दस्तरखानाच्या कडेवर रेघ ओढायला लागलो. इनोयत ओरडली नाही. नवल वाटून वर बघितलं तर तिच्या हातातली चहादाणी तशीच कलती होती, पियाला भरून चहा कापडावर वाहत होता, आणि ती पोरीकडे बघत होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पोरगी काय बोलून गेली ते. पुढच्या वेळी. मागचं बाळ गेल्यापासून या घरात तो शब्द कोणी काढला नव्हता.

मी कोळसा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि नफोसतला विचारलं, "तुला कसा पाहिजे?"